कपडा धुवायला केव्हा टाकायचा

अंगावरचा कपडा धुवायला केव्हा टाकायचा, हे ठरवण्याच्या महाराष्ट्रात दीर्घकाळ दोन निराळ्या रीती होत्या. एक शुद्धीची: कपडा ओवळा झाला की तो पाण्यातून काढायचा, त्यावर डाग असो वा नसो. दुसरी मळाची: कपडा डोळ्यांना मळकट दिसू लागला, घामाचा वास येऊ लागला की तो खार लावून, उकळून, आपटून धुवायचा. दोन्हींची वेळ वेगळी, साधने वेगळी आणि पुष्कळदा माणसेही वेगळी. पहिले काम घरच्या विहिरीवर किंवा नदीच्या घाटावर रोज आंघोळीबरोबरच उरकले जाई. दुसरे सवडीने, आठवड्या-पंधरवड्याने होई. विसाव्या शतकात या दोन रीती एकमेकींत मिसळत गेल्या आणि आज घरोघरी जो एकच निकष चालतो तो तयार झाला. तो निकष वाटतो तितका जुना नाही.

शुद्धीच्या रीतीत कपडा किती मळला आहे हा प्रश्नच नसे. सकाळी धुऊन, पिळून, उंच दांडीवर वाळत घातलेल्या सुती धोतराला कोणी शिवले नाही, तर ते सोवळ्यात चाले. तेच धोतर नेसून रात्र काढली की ते पारोसे. ते नेसून देवघरात, पाण्याच्या घागरीशी किंवा चुलीशी जायचे नाही. जुन्या वाड्यांच्या माजघरात छताच्या कड्यांना दोऱ्यांनी टांगलेली आडवी दांडी असे. ती मुद्दाम माणसाच्या हाताला लागणार नाही इतकी वर असे आणि कोपऱ्यात एक बारीक काठी उभी असे. ओला पिळा काठीच्या टोकावर घेऊन दांडीवर टाकायचा, काठीनेच पसरायचा आणि वाळला की काठीनेच खाली घ्यायचा. शाळेतून आलेले पोर धावत येऊन त्या वस्त्राला शिवले, तर सुकलेले वस्त्र पुन्हा पाण्यात जाई. त्यावर धुळीचा कणही नसला तरी.

या रीतीत कपडा धुवायला टाकण्याची कारणे ठरलेली होती. हजामत करून उठलेल्या पुरुषाने अंगावरचे धोतर भिजवल्याशिवाय घरात वावरायचे नाही. स्मशानातून आल्यावर अंगावरच्या वस्त्रांसकट, म्हणजे सचैल, स्नान करायचे. सुतक संपले की घरातले कपडे आणि अंथरूण-पांघरूण धुणे भागच असे. बाळंतिणीची खोली उरकल्यावर तेच. मासिक पाळीच्या दिवसांत बाजूला बसलेल्या स्त्रीचे कपडे चौथ्या दिवशी तिच्या न्हाण्याबरोबर निघत. प्रवासाहून आलेले, बाजारातून आलेले, ज्यांना शिवायचे नाही असे मानले त्यांच्या स्पर्शाचे, अशी यादी लांबत जाई आणि घरोघरच्या कर्मठपणानुसार तिच्यात भर पडे. हे ठरवणारे कोण आणि पिळणारे कोण, याचा हिशेब मात्र सरळ होता: नियम बहुधा पुरुषांचे आणि सासूचे, धुणे सुनांचे.

कापडाच्या जातीप्रमाणे नियम सैल किंवा कडक होत. सुती वस्त्र लगेच ओवळे होई. रेशमाला त्यातून सूट होती. कद, मुकटा, पीतांबर ही सोवळ्याची रेशमी वस्त्रे पूजेला आणि जेवायला रोज नेसली तरी रोज धुवावी लागत नसत. उतरवून खुंटीवर वेगळी ठेवली की झाले. लोकरीच्या धाबळीला तर ओवळेपणा जवळजवळ लागतच नाही असे मानत. त्यामुळे पावसाळ्यात सुती वस्त्र वाळले नाही तर धाबळी नेसून स्वयंपाक उरकता येई. कर्मठ घरांत मुटकुळे करून ठेवलेली जुनी, विटकी, धुराचा वास मारणारी धाबळी ही घरातली सर्वांत शुद्ध वस्तू असे आणि कडक इस्त्रीचा शुभ्र सदरा हा अशुद्ध. शास्त्राने महागड्या कापडाला दिलेली सवलत हा योगायोग मानणे कठीण आहे. रेशीम वारंवार धुतले की त्याचे तेज जाते, लोकर आटते. सुताचे तसे नाही. कापडाच्या स्वभावातून आलेली सोय पुढे धर्माचा नियम झाली, असाच अंदाज करावा लागतो.

कापडाप्रमाणे धुण्याची द्रव्येही जुन्या ग्रंथांनी वाटून दिली होती. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम आणि लोकर यांना खारी माती, कांबळ्यांना रिठा, तलम पट्टवस्त्रांना बेलफळ आणि क्षौमाला, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या वस्त्राला, पांढरी मोहरी सांगितली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वच्छ वस्त्र वापरण्याचे गुण आले आहेत. तिथे आयुष्य, यश, आनंद, अलक्ष्मीचा नाश आणि चारचौघांत शोभणे ही फळे सांगितली आहेत. किती दिवसांनी धुवावे याचा आकडा दोन्हीकडे नाही.

धुण्याचे दिवस मात्र धर्मशास्त्राने मोजले. शनिवार, मंगळवार, षष्ठी आणि श्राद्धाचा दिवस या दिवशी वस्त्रांना खार लावू नये, असे वचन कर्मठ घरांत पाळले जाई. या वचनाचा नेमका विषय ध्यानात घेण्यासारखा आहे: मनाई खाराला आहे, पाण्याला नाही. श्राद्धाच्या दिवशीही धोतर पाण्यातून काढायचेच, किंबहुना त्या दिवशी ते जास्तच काटेकोरपणे काढायचे. उकळून, खार लावून मळ काढण्याचे मोठे काम तेवढे दुसऱ्या दिवसावर ढकलायचे. रोजचे खळबळणे आणि अधूनमधूनचे धुणे ही दोन कामे लोकांच्या मनात किती वेगळी होती, हे या एका नियमातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

मळ काढण्याचे काम परटाचे. या धंद्याचे कायदे मराठी मुलखाहून फार जुने आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्राने रजकासाठी, म्हणजे परटासाठी, लाकडी फळ्या आणि गुळगुळीत दगड नेमून दिले. इतरत्र आपटून कपडा फाटला तर भरपाई आणि दंड. रजकाने स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण ठेवायची. ती नसलेला कपडा त्याच्या अंगावर सापडला तर तीन पण (त्या वेळचे नाणे) दंड. गिऱ्हाइकाचा कपडा विकला, भाड्याने दिला किंवा गहाण टाकला तर बारा पण. धुऊन किंवा रंगवून कपडे परत करण्याच्या मुदतीही घातल्या होत्या. पांढऱ्या कापडाला ते किती शुभ्र करायचे त्याप्रमाणे एका रात्रीपासून पुढे, फिक्या रंगाला पाच रात्री, निळ्याला सहा, आणि फुले, लाख किंवा मंजिष्ठेने रंगवलेल्या, जपून हाताळायच्या भारी वस्त्राला सात. मनुस्मृतीतही परटाने सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळुवार धुवावे, एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि ते कोणाला वापरायला देऊ नयेत, असे बजावले आहे. गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर लग्नाला जाऊन येणारा परीट ही तक्रार निदान दोन हजार वर्षे जुनी आहे.

महाराष्ट्राच्या खेड्यात परीट हा बलुतेदार होता. सुगीला धान्याच्या रूपात बलुते घ्यायचे आणि वर्षभर गावाचे धुवायचे, हा करार. पण सामान्य कुणबी आपले रोजचे कपडे स्वतःच ओढ्यावर धूत असे. परटाकडे पाटील-कुलकर्ण्यांचे कपडे, सणासमारंभाचे कपडे आणि सुतक-बाळंतपणातले, घरच्यांनी शिवायचे टाळलेले कपडे जात. लग्नात नवरदेवाच्या वाटेवर पायघड्या अंथरणे हा त्याचा मान होता. धुण्यासाठी त्याची भट्टी असे. कपडे खाऱ्या मातीच्या किंवा सज्जीखाराच्या पाण्यात भिजवायचे, पाणी उकळणाऱ्या मोठ्या भांड्याच्या तोंडावर रचून रात्रभर वाफ द्यायची आणि पहाटे नदीवर नेऊन दगडावर आपटायचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचा खार यासाठी प्रसिद्ध होता. उन्हाळ्यात पाणी आटले की कडेला आणि तळाशी थर धरी. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींची नावे होती आणि साबणाला, बांगड्यांच्या काचेला तो माल जाई.

भट्टी लावायची तर पुरेसे कपडे आणि सरपण जमायला हवे. म्हणून परटाकडचा कपडा गिऱ्हाइकाच्या मर्जीने कमी आणि भट्टीच्या फेऱ्याने जास्त धुतला जाई. शहरांत हा फेरा आठवड्याचा झाला. परीट यायच्या दिवशी घरातली शिकलेली बाई किंवा मोठा मुलगा वहीत धोतरे, सदरे, चादरी, उशांचे अभ्रे यांची मोजदाद लिहून घेई आणि पुढच्या आठवड्यात तीच यादी खुणा करत परत घेई. कपडा मळला की नाही यापेक्षा परीट उद्या येणार की परवा, यावर तो गाठोड्यात जायचे ठरे.

शेकडो घरांचे कपडे एकाच भट्टीत गेले तरी ते मालकाकडे बिनचूक परत येत, याचे श्रेय बिब्ब्याला आहे. बिब्ब्याच्या फळाच्या टरफलात काळपट, जळजळीत तेल असते. कातडीला लागले तर फोड येतात. परीट फळाला सुई टोचून ते तेल टोकावर घेई आणि कॉलरच्या आत, धोतराच्या काठाशी किंवा चादरीच्या कोपऱ्यात ठिपके, रेघा, फुल्या यांची खूण करी. वर चुन्याचे बोट फिरवले की खूण काळीभोर आणि पक्की होई. खाराने, उकळण्याने किंवा उन्हाने ती जात नसे. प्रत्येक घराची खूण वेगळी आणि ती परटाच्या तोंडपाठ. अक्षरओळख नसलेल्या माणसाची ही नोंदपद्धती इतकी भरवशाची होती की बेवारस प्रेताची ओळख पटवण्यासाठी पोलीसही कपड्यावरच्या धोब्याच्या खुणेचा माग काढत.

दोन रीतींमधला सर्वांत मोठा विरोध परटाच्याच गाठोड्यात दिसे. त्याच्याकडून आलेला कपडा घरातला सर्वांत पांढरा, खळ घातलेला, घडी मोडवणार नाही असा. तरी कर्मठ ब्राह्मण घरात तो सोवळ्याला चालत नसे. परटाचा हात लागलेला आणि खळीत शिजलेल्या तांदळाची पेज असलेला तो कपडा ओवळा. मग परीटघडीचे स्वच्छ धोतर आधी साध्या पाण्यात बुचकळून काढायचे, त्याची सगळी ताठर शान घालवायची आणि मगच ते देवघरात न्यायचे. बाहेर जायला मात्र तेच घडीसकट नेसायचे. एकाच धोतराचे हे दोन संसार एका घरात बिनतक्रार चालत.

हे सारे नियम ज्यांच्याकडे बदलायला दुसरे वस्त्र होते त्यांच्यासाठी. गिरण्यांपूर्वी हातमागाचे लुगडे ही मोठी खरेदी होती आणि गरीब बाईकडे अंगावरचे एक, फार तर दांडीवरचे एक एवढेच वस्त्र असे. नऊवार लुगडे धुवायचे तर नदीकाठी अर्धे नेसून अर्धे धुवायचे, ते वाळले की गुंडाळून उरलेले धुवायचे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत १९१७ च्या चंपारणमधला असाच प्रसंग नोंदवला आहे. कस्तुरबा मळके कपडे धुण्याबद्दल सांगायला बायकांकडे गेल्या, तेव्हा एकीने आपली रिकामी झोपडी दाखवली आणि अंगावरच्या साडीखेरीज दुसरी नसताना ती बदलून धुवायची कशी, असे विचारले. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढच्या अर्धशतकात गिरणीच्या धोतरजोड्या, लुगडी खेड्यांत पोचली. उपदेशापेक्षा दुसऱ्या धोतराने कपड्यांची स्वच्छता जास्त वाढवली.

कापडाइतकाच प्रश्न पाण्याचा होता. अस्पृश्य मानलेल्या जातींना गावची विहीर बंद, तळे बंद, नदीवरही खालच्या अंगाला जागा. पुष्कळ गावांत परीट त्यांचे कपडे धुवायला घेत नसे. त्यांचे कपडे मळके म्हणून त्यांना दूर ठेवायचे आणि ते धुवायला पाणी मिळू द्यायचे नाही, असा हा फास होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावर घाव घातला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडला परत भरलेल्या परिषदेनंतर स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी जात ओळखू येईल अशी नेसण्याची पद्धत आणि दागिने सोडायला सांगितले. कपडा ठिगळांचा असला तरी चालेल, तो स्वच्छ हवा, हा आग्रह त्यात होता. स्वच्छ कपडा इथे सोवळ्याच्या नियमावर उलटवलेले हत्यार झाला: शुद्धी जन्माने ठरत असेल, तर मळ कोणालाही धुता येतो.

काही कपडे धुवायचेच नसत. पगडी एकदा पगडबंदाने बांधली की ती फाटेपर्यंत तशीच. पैठणी आणि शालू यांना पाणी लावायचे नाही. मलमलीत गुंडाळून ठेवायचे, जर काळी पडू नये म्हणून घड्या बदलायच्या आणि पावसाळ्यानंतर सावलीत वारा द्यायचा. इंग्रजी अमदानीत कोट आला तो याच रांगेत जाऊन बसला. १९०० च्या सुमाराच्या मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या कारकुनाच्या अंगावर त्यामुळे चार निरनिराळे हिशेब एकत्र चालत: धोतर रोज घरी, सदरा आठवड्याने परटाकडे, कोट वर्षानुवर्षे झटकून पुन्हा खुंटीला आणि पगडी कधीच नाही. बाहेरून शुभ्र दिसणाऱ्या या माणसाच्या कोटाचे अस्तर पाहण्याची कोणाची छाती नसे.

गोव्यात युरोपीय सवयींवर हवामानाने लवकर मात केली. १५८० च्या दशकात तिथे राहिलेल्या यान ह्यूजेन व्हान लिन्स्खोटेन या डच माणसाने तिथले लोक रोज धुतलेला सदरा चढवतात याची आवर्जून नोंद केली. हे काम करणाऱ्या परटांना पोर्तुगीज मयनातो म्हणत.

मुंबईच्या जुन्या परटांची जागा धोबीतलाव. तळे केव्हाच बुजले, नाव उरले. शहर वाढले तसे धोबी उत्तरेकडे सरकले आणि १८९० च्या सुमारास महालक्ष्मी स्थानकालगत दगडी कुंड्यांचा घाट उभा राहिला. आज तिथे सातशेच्या वर कुंड्या आहेत. प्रत्येक कुंडीशी आपटायचा दगड. कपडे वाळवायला चिमटे लागत नाहीत. दोन दोर एकमेकांत पिळून ताणलेले असतात आणि कपड्याचे टोक त्या पिळात खुपसले की खाडीवरच्या वाऱ्यातही ते सुटत नाही. पुलावरून जाणाऱ्यांना दिसणाऱ्या त्या लांबच लांब रांगांत एका दोरावर सारे पांढरे, एकावर सारे निळे, असे दिसते; इस्पितळे, हॉटेले आणि कपड्यांचे कारखाने यांचा माल ठोक येतो म्हणून.

गिरणीकामगाराचा कपडा धुण्याचा दिवस ठरवला तो एका चळवळीने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून बाँबे मिल हँड्स असोसिएशनच्या वतीने जी मागणी लावून धरली होती, ती १० जून १८९० रोजी मान्य झाली आणि रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली. बारा-बारा तास कापसाच्या कोंड्यात उभ्या असलेल्या माणसाला उजेड असताना नळावर बसायला मिळणारा हा एकच दिवस. चाळींच्या कठड्यांवर रविवारी दुपारी जे धुणे दिसे, त्यामागे वास किंवा मळ यांपेक्षा ही सुटी होती. पुढे शाळा आणि कचेऱ्या त्याच वेळापत्रकात आल्या. सोमवारी कडक आणि शनिवारपर्यंत कळाहीन होत जाणारा गणवेश ही त्याचीच पैदास.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि कपड्याबद्दल तिसरी एक भीती घरात शिरली. रोगी सापडलेल्या घरातले कपडे, गोधड्या जाळणे, औषधाच्या पाण्यात बुडवणे, उन्हात टाकणे हे सरकारी माणसे दारात उभी राहून करवून घेऊ लागली. पुण्यात १८९७ मध्ये या जबरदस्तीच्या रागातून प्लेग अधिकाऱ्याचा खून झाला, ते सर्वश्रुत आहे. लोकांनी त्या अत्याचाराचा संताप केला, पण कपड्यातून रोग येतो ही कल्पना मागे राहिली. शाळेतल्या आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांनी ती पक्की केली. विटाळ आणि जंतू दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे जुन्या सोवळ्याला विज्ञानाचा आधार आहे, असे म्हणण्याची सोय झाली आणि ती आजतागायत वापरली जाते. सोवळ्याचा नियम मात्र न दिसणाऱ्या मळाला हुडकत नव्हता. तो माणसांना हुडकत होता.

सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. त्याआधी घरात रिठे, शिकेकाई, राख आणि पापडखार असे. साबणाच्या चरबीमुळे त्याला सोवळ्यात मज्जाव होता. गोदरेजने पहिल्या महायुद्धानंतर वनस्पती तेलाचा साबण काढला तेव्हा त्याची हीच बाजू पुढे केली गेली. साबणाने परटाची भट्टी घरातल्या मोरीत आणली. खार आणि पाणी, मळ आणि शुद्धी, ही दोन कामे आता एकाच बादलीत होऊ लागली. रोज अंगावरून काढलेला कपडा रोज साबण लावून धुवायचा, हा जो नियम मध्यमवर्गाला सनातन वाटतो, तो या बादलीत जन्मला. १९५९ मध्ये सर्फ ही पावडर आली. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या निरमाने ती चैन कितीतरी कमी किमतीत झोपडपट्टीपर्यंत नेली.

पावडरीबरोबर मापही बदलले. पूर्वी न मळलेले पांढरे चाले. आता निळसर, झळझळीत पांढरे हवे झाले. नीळ होतीच, तिच्या जोडीला टिनोपाल आले. टिनोपाल मळ काढत नाही. उन्हातले अदृश्य किरण शोषून ते निळसर उजेडाच्या रूपात बाहेर टाकते, त्यामुळे कापडाचा पिवळेपणा झाकला जातो. कॉलरच्या आतली तपकिरी रेघ आणि बाहीची कड हे तपासणीचे नाके ठरले. कपडा धुवायला टाकायचा की आणखी एक दिवस काढायचा, याचा निर्णय आजही पुष्कळ घरांत कॉलर उलटी करून होतो.

१९६० च्या दशकात टेरिलीन आणि टेरिकॉट आले. रात्री धुतलेला सदरा सकाळी वाळलेला, इस्त्रीची गरज नाही. दोन सदऱ्यांवर नोकरी करणाऱ्याला याहून काय हवे? परटाच्या गाठोड्यातून सदरे गळाले. पण या कापडाचा एक दोष लवकरच ध्यानात आला. घामाला स्वतःला फारसा वास नसतो; त्यावर जगणारे जिवाणू तो निर्माण करतात, आणि कृत्रिम धाग्यात तो वास सुतापेक्षा जास्त धरून राहतो. सुती सदरा दुसऱ्या दिवशी निभावून नेई, टेरिलीन संध्याकाळीच पकडून देई. धुवायला सोपे म्हणून घेतलेले कापड त्यामुळे जास्त वेळा धुवावे लागले.

घराच्या रचनेनेही निर्णयात भाग घेतला. जुन्या घरात भिंतीतली खुंटी ही धुतलेले आणि धुवायचे यांच्या मधली जागा होती. एकदा घातलेला सदरा तिथे विसावे आणि उद्या पुन्हा अंगावर चढे. लोखंडी कपाटे आली तशी एकदा वापरलेला कपडा कपाटात ठेवायचा नाही, हा नवा दंडक आला. दोन खोल्यांच्या घरात खुंटी उरली नाही आणि दारामागचा हूक भरला की बाकीचे सरळ बादलीत.

ही बादली कोण उपसणार, हे मोलकरणीवर आले. शहरांत धुण्याचा दर माणशी ठरतो. चादरी आठवड्याला किती, पाहुण्यांचे धुणे वेगळे की त्यातच, जीन्सची पॅन्ट मोजायची कशी, यावर घासाघीस होते. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. कपडे टाकण्यावर हात आखडण्याची वेळ त्या दिवसांत अनेक घरांवर पहिल्यांदा आली. औरंगाबादजवळ कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनच्या जाहिरातींनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस धुलाईयंत्र मध्यमवर्गाच्या तोंडी आणले. यंत्राने भट्टीचा जुना कायदा परत आणला: सहा-सात किलो भरेपर्यंत थांबायचे किंवा जागा उरली म्हणून दोन बरे कपडेही आत ढकलायचे. दुसरेच जास्त होते.

या साऱ्यावर पाण्याचा शेवटचा शब्द चालतो. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचे आणि १८९२ मध्ये तानशाचे पाणी नळाने मिळाले. मराठवाड्याच्या वाट्याला ते सुख आले नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. अशा दिवसांत घरोघरी नियम मागे फिरतात. पुढून कपडे टाकायच्या यंत्रालाही एका फेरीला पन्नास-साठ लिटर लागतात, म्हणून ते झाकून ठेवले जाते. आतले कपडे तेवढे रोज, शाळेचा गणवेश दोन दिवसांआड, पॅन्ट पंधरवड्याने, चादर टँकर आला तर. साबणाचे पाणी टाकून न देता त्यात पायपुसणी बुचकळतात, खळबळलेले पाणी दुसऱ्या दिवशीच्या भिजवणीला ठेवतात आणि उरलेले संडासात जाते.